खिनबाईंचा बुद्ध आणि घिवलीची राळ

तुम्ही म्हणाल, सिन्नरची बाई पालघरकडे जाऊन आली आणि एवढं लिहीत बसली, असं आहे तरी काय तिकडे? तर समुद्र आहे, ताडाची झाडं आहेत, आणि सुक्या बोंबलाचा असा वास आहे की पहिल्या दिवशी नाकाला पदर लावावा आणि दोन दिवसांनी त्याच वासानं भूक लागावी. पण मला सांगायचं आहे ते एका मूर्तीचं. मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं शिकले ती मुलांच्या पाट्यांवरून, तेव्हा लिहिण्यात काही वाकडंतिकडं असेल तर ते माझं. बघितलं ते मात्र जसंच्या तसं.

ब्रह्मदेशातून आपली माणसं परत पाठवली, त्यानंतरच्या दुसऱ्या वैशाखातली ही गोष्ट. माझा भाचा भास्कर बोईसरला राहतो. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं आहे, तिथे तो वेल्डिंगचं काम करतो. त्यानं निरोप धाडला, ‘आत्या, वैशाख पौर्णिमेला ये. वस्तीत आपण विहार बांधलाय. ब्रह्मदेशातली सोन्याची मूर्ती बसणार आहे.’ दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरी बुद्धाचं चित्र आहे, कॅलेंडरचं. सोन्याची मूर्ती म्हटल्यावर मी काय थांबणार?

जव्हारवरून पालघर

नाशिकहून जव्हारमार्गे एस.टी. घेतली. घाटात गाडी अशी झुलते की पोटातली भाकरी पुन्हा पिठाची होते. लोणच्याची बरणी मी मांडीवर धरली होती, तरी एका वळणावर तिनं झाकण टाकलं आणि माझ्या लुगड्यानं कैरीचा सगळा खार पिऊन घेतला. शेजारी करवंदांची पाटी घेऊन एक डोंगराकडची बाई बसली होती. ती हसून हसून वाकडी झाली. मग तिलाच वाईट वाटलं आणि तिनं पानात करवंदं दिली.

“कुठं जाते गं म्हातारे?”

“सोन्याचा बुद्ध बघायला.”

“सोन्याचा? मंग राखायला कोन हाय?”

“त्याला राखण लागत नाही.”

“सोन्याचा असल तर लागंल,” ती म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन विक्रमगडला उतरली. मला तिचं बोलणं पटलं नाही, पण डोक्यात राहिलं.

पालघरला स्टेशनाबाहेर ताडगोळे खाल्ले. आमच्याकडे उन्हाळ्यात माणूस पाण्याचा माठ शोधतो, इकडे झाडच पाणी बांधून देतं. विकणाऱ्या पोरीनं कोयत्यानं सोलून हातावर ठेवला, मी चावायला गेले तर पाणी थेट हनुवटीवरून खाली. लुगडं तसंही धुवायचंच होतं. पुढे बोईसर गाडीनं जवळच.

बोईसर

भास्कर घ्यायला आला होता, पण तोंड असं उतरलेलं की मी आधी विचारलं, “घरी सगळे बरे ना रे?”

“घरी बरे आहेत आत्या. मूर्तीचं बरं नाही.”

चालता चालता त्यानं सांगितलं ते असं. मूर्ती खिनबाईंची. खिनबाई मूळच्या मंडालेच्या, ब्रह्मी. त्यांचा नवरा गणपत आपल्यातलाच, रत्नागिरीकडचा, रंगूनला रेल्वेच्या कारखान्यात होता. तिकडून निघायची वेळ आली तेव्हा बाई नवऱ्याबरोबर निघाल्या. बंदरावर तिकडच्या सरकारी लोकांनी कानातलं, हातातलं सगळं काढून घेतलं. मूर्ती लाकडी, सोनं नुसतं वरवरचं, तिला कोण विचारतो? ती तेवढी आली. गणपतला बांधकामावर फिटरचं काम लागलं आणि गेल्या थंडीत तापानं तो गेला. खिनबाई वस्तीच्या तोंडाशी चहाची चूल चालवतात. विहार झाला तेव्हा त्या आपण होऊन म्हणाल्या, माझा बुद्ध तिथे बसवा. मूर्ती त्यांनी भास्करच्या बायकोच्या, आमच्या कुसुमच्या हातात दिली.

“मग?”

“मग काय! कुसुमनं ती घासली.”

आता हे घरातल्या बाईलाच कळेल. मूर्ती होती पिवळी आणि जागोजागी काळी. सण तोंडावर. पितळेचा देव काळा पडला की चिंच लावायची, राख लावायची आणि नारळाच्या काथ्यानं घासायचा, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही, हातच आपोआप करतात. देव बदलला तरी हात तेच ना! कुसुम बिचारी मनापासून घासत होती. काळं जाण्याऐवजी वाढत होतं, म्हणून आणखी जोर लावत होती. पाठ, उजवा हात, गुडघा, पोट, एक गाल एवढं काळंकुळकुळीत झालं तेव्हा तिला शंका आली की हे पितळ नसावं.

“खिनबाई काय म्हणाल्या?”

“मूर्ती उचलून छातीशी धरली आणि घरी गेल्या. आता रत्नागिरीला दिराकडे जायचं म्हणतात. दीर कधीपासून बोलावतोय. पौर्णिमेच्या सकाळीच निघणार. मूर्ती घेऊन.”

घरी पोचले तर कुसुम चुलीपुढे रडून लाल. मी म्हटलं, “आधी चहा टाक. मग रड.”

“आत्याबाई, सगळी वस्ती मला बोलत्येय. ती गेली तर माझ्यामुळं गेली. हितं तिला माझ्याशिवाय कोण होतं? दोघी मिळून पाण्याला जायचो. मला मूर्तीचं वाईट वाटतंच, पण तिचं जास्त.”

मी ते लक्षात ठेवलं. मूर्ती दुसरी आणता येते. पाण्याला जोडीनं जाणारी बाई आणता येत नाही.

संध्याकाळी मी एकटीच खिनबाईंकडे गेले. पन्नाशीच्या असतील. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, केसांचा अंबाडा थेट टाळूवर. लुगडं नाही, लुंगीसारखं वस्त्र. मराठी नवऱ्याकडून शिकलेलं, त्यामुळे त्यांच्या तोंडी सगळं जग पुरुषासारखंच असतं, बाईसुद्धा ‘तो’च. मी म्हटलं, “मी भास्करची आत्या. चहा प्यायला आले.”

“चहा आहे. बसा.”

“आणि मूर्ती बघायला.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग हात धुतले, आत गेल्या आणि मूर्ती आणून पाटावर ठेवली. हातभर उंचीची. पाय दुमडून बसलेला बुद्ध, डावा हात मांडीत, उजवा गुडघ्यावरून खाली सोडलेला, बोटं जमिनीला टेकलेली. त्या हातावरचं सोनं सगळं गेलं होतं. मला वाटलं होतं वाईट दिसेल. पण काळ्या हाताचा तो बुद्ध उन्हात राबून आलेल्या माणसासारखा दिसत होता. हे मी बोलले नाही.

“हात खाली का?” मी विचारलं.

“वाईट लोक आला. म्हणाला, तू कोण? इथे बसायचा हक्क कुणी दिला? साक्षीदार आण. त्याचा साक्षीदार कोण? कोणी नाही. मग त्याने जमिनीला हात लावला. जमीन म्हणाला, मी आहे साक्षी.”

इथे बसायचा हक्क कुणी दिला, हा प्रश्न आमच्या लोकांना काय नवा आहे?

मग मी एकेक विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. कान लांब का, तर राजपुत्र असताना जड दागिने होते, ते काढले पण पाळ्या लोंबत्या राहिल्या. डोळे अर्धे मिटलेले का, तर अर्धं आत बघायचं, अर्धं आपल्याकडे. शेवटी मी माझ्या मनातलं विचारलं, “ज्यानं सगळं सोनं सोडलं त्यालाच सोन्यानं कशाला मढवायचं, बाई?”

त्या पहिल्यांदा हसल्या. “सोनं हातात आहे, तर माझा. पेटीत आहे, तर चोराचा. त्याला लावला की कोणाचा नाही. परत काढता येत नाही. मन मोकळा.”

“कुसुमनं काढलं की.”

हे माझ्या तोंडून निसटलं. पण त्यांचं हसू मावळलं नाही. उलट त्यांनी चहाचा एक जुना डबा आणला, पत्तीच्या खाली हात घातला आणि कागदाची पुडी काढली. आत कागदाच्या पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीत सोन्याचा वर्ख. आपण पेढ्यावर चांदीचा बघतो तसा, पण त्याहून पातळ. बंदरावरच्या लोकांनी चहा हुंगला आणि परत दिला, असं त्या म्हणाल्या. मंडालेला त्यांच्या मामाची गल्लीच वर्ख कुटणाऱ्यांची. सोन्याचा तुकडा कागदांत, कागद हरणाच्या कातड्यात आणि वरून दिवसभर घण. लहानपणी झोप यायची ती त्या आवाजात.

“वर्ख आहे, मग लावा की!”

“चिकटवायचा कशाने? तिकडे झाड आहे. त्याचा चीक काळा. अंगाला लागला की फोड येतो.”

“बिब्ब्यासारखा?”

“बिब्बा बघितला. नाही लागत. आणि...” त्यांनी पुडी मिटली. “लावायचा कोणी? गणपत लावायचा. त्याच्या आधी माझा बाप. बाई नाही लावत. मोठ्या मंदिरात बाई खाली बसतो. वर्ख पुरुषाला देतो. पुरुष वर जातो, लावतो. बाई बघतो.”

मी उरलेला चहा संपवला आणि उठले. मला बोलायचं खूप होतं.

परत येऊन कुसुमला सांगितलं तर ती डोळे पुसून म्हणाली, “चीकच हवा ना? समुद्रावर घिवलीला होड्यांना राळ लावतात. एकदा हाताला लागली तर आठवडाभर सुटत नाही.”

तिनं लगेच जाऊन खिनबाईंना दाराबाहेरूनच विचारलं. आत जायची तिची हिंमत नव्हती. आतून उत्तर आलं, “बघू. नाही चिकटला तर मी जातो.”

घिवली

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी निघालो. बांधकामावर जाणाऱ्या ट्रकमध्ये पुढे बसायला जागा मिळाली. ड्रायव्हर हिंदीत म्हणाला, “माताजी, उतरना कहाँ है?” मी म्हटलं, “जहाँ समुद्र लगेगा वहाँ.” तारापूरचं ते बांधकाम मी लांबूनच पाहिलं. वाडीच्या ताडांच्या डोक्यावरून पलीकडे क्रेनच्या माना हलत होत्या. ट्रकमध्ये कुसुम आणि खिनबाई यांच्या मध्ये मी बसले होते. दोघी समोर बघत होत्या. मी दोघींशी बोलत होते.

घिवलीला होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या. पावसाच्या आधी त्यांचे सांधे भरायचे, राळ आणि तेल कढवून वरून फासायचं, हे काम या दिवसांत सगळ्यांकडे असतं. रघू तांडेल म्हणून म्हातारा होता, त्याची कढई चुलीवरच होती.

“राळ पायजे? कंच्या होडीला?”

“होडीला नाही, बुद्धाला,” मी म्हटलं.

तांडेल बघत राहिला. “त्येला कुठं पाण्यात घालता?”

त्याची बायको मासे निवडत होती. ती आतून ओरडली, “देवाला लावतील नायतर आनि कशाला, तुमाला काय करायचं? द्या की!”

“दितो गं! इचारू पन नये?”

खिनबाई कढईशी उकिडव्या बसल्या. काडीनं थेंब घेतला, एका फुटक्या फळीवर पसरला, वास घेतला. मग बसून राहिल्या. सारखं बोट लावायचं नाही, थांबायचं. मध्येच बोटाच्या मागच्या बाजूनं हलकेच टेकवून बघायचं. ओलं असेल तर सोनं बुडतं, सुकलं तर धरत नाही. त्या दोन्हींच्या मधली एक वेळ असते, ती पकडायची. मला हे ओळखीचं वाटलं. पापडाचं पीठही असंच बघावं लागतं.

थांबायचंच होतं तर तांडेलीणबाईंनी जेवायला बसवलं. आमच्याकडे बाजरीची भाकरी, तोडायला दोन हात लागतात. इथली तांदळाची, रुमालासारखी मऊ. सोबत ओल्या बोंबलाचं लाल कालवण. मी काट्याला घाबरून कोरत बसले तर बाई म्हणाल्या, “अगो, बोंबलाला काटा नाय! पानी हाय ते. वढ नि गीळ!” मी ओढला नि गिळला. आणखी तीन गिळले.

जेवून उठलो तेव्हा खिनबाई फळीवर वाकल्या होत्या. त्यांनी बोट टेकवलं, उचललं. बारीक चट् असा आवाज आला.

“हा धरतो,” त्या म्हणाल्या.

कुसुमनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. पण खिनबाई उठता उठता म्हणाल्या, “आता लावणारा पाहिजे.”

“भास्कर लावील,” मी म्हटलं. मला तेव्हा दुसरं सुचलं नाही.

तांडेलानं नारळाच्या करवंटीत राळ दिली. काय द्यायचं विचारलं तर हात हलवला. “तुमचा बुद्ध बुडला नाय म्हंजे झाला.”

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी

विहार म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि कुडाच्या भिंती, पण शेणानं असा सारवलेला की पाय ठेवायला जीव होईना. सकाळीच खिनबाईंनी कंदिलाच्या काचांवरची काजळी राळेत घोटली आणि कुसुमनं घासलेल्या जागांवर फडक्यानं ती फासली. मी म्हटलं, “आधीच काळं, त्यावर आणखी काळं?”

“काळं पाहिजे. खाली काळं नाही तर सोनं फिका दिसतो.”

मग दार लावलं, खिडकीला गोणपाट टांगलं. वारा नको म्हणून. वस्तीतल्या बायका भिंतीकडेनं बसल्या. पदरानं वारा घेतला तरी वर्ख उडतो, असं खिनबाई म्हणाल्या, तेव्हा वैशाखातल्या दुपारी पत्र्याखाली आम्ही अशा बसलो होतो जसे तव्यावर पापड. आणि मला सांगितलं, “आत्याबाई, तुम्ही बोलायचा नाही. तोंडाच्या वाऱ्यानं उडतो.” सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या, तोंड दाबून.

त्या दिवशी रजा काढलेला भास्कर मूर्तीपुढे बसला. खिनबाई त्याच्या मागे, खाली. त्यांनी पुडीतली एक पाकळी उचलून खांद्यावरून त्याच्या हातात दिली. आता भास्करचा हात म्हणजे लोखंड जोडणारा हात. अंगठ्याला भेगा, घाम. वर्ख मूर्तीच्या गुडघ्याला टेकण्याआधीच त्याच्या अंगठ्याला लपेटला.

“राहू दे. दुसरा,” खिनबाई म्हणाल्या.

दुसरा दुमडला. तिसरा अर्धा लागला, अर्धा उडून कुसुमच्या गुडघ्यावर पडला. भास्करच्या कपाळावरून धारा लागल्या.

“आत्या, माझ्यानं नाही होत. आणखी कुणी पुरुष बघा.”

सगळे पुरुष कामावर होते. दुसरा कोण आणायचा? खिनबाईंनी बोट मूर्तीच्या काळ्या भागाला टेकवलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. राळ सुकायला लागली होती.

“मग नाही,” त्या म्हणाल्या आणि पुडी मिटायला लागल्या. “उद्या गाडी आहे.”

कुसुम उठून उभी राहिली. मला वाटलं ही आता रडणार. पण ती रडली नाही.

“खिनबाई, माझी आजी देवळाच्या पायरीखाली उभी राहायची. प्रसाद वरून पडायचा. पदर पसरला आणि पदरात पडला तर पडला, नाहीतर मातीतला उचलायचा. ते सगळं सोडून आम्ही ह्याच्याकडे आलो. आता इथंही खाली बसायचं असेल तर मग आम्ही आलो कशाला?”

खिनबाई मान खाली घालून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, कुसुमला नाही, मला, “माझा हात उठत नाही. गणपत होता... बाप होता. मी लावला आणि चुकला तर?”

मला बोलायची बंदी होती. पण वर्ख पुडीत होता, तेव्हा बोलायला हरकत नव्हती.

“बघा त्याच्याकडे,” मी म्हटलं. “कुसुमनं त्याला चिंच लावली. राख लावली. काथ्यानं अंगाची सालं काढली. तरी तो हसतोच आहे. तो तुमच्या बोटावर काय रागावणार, बाई?”

भिंतीकडेच्या बायकांतून कुणीतरी फुसकन हसलं. मग आणखी कुणी. कुसुमसुद्धा रडवेल्या तोंडानं हसली. खिनबाईंनी मान वर करून मूर्तीकडे बघितलं, खरंच तपासत असल्यासारखं. त्याच्या एका काळ्या गालावर आणि एका सोनेरी गालावर तेच हसू होतं.

मग त्या उठल्या. भास्करच्या पाठीवर थाप मारली. “उठा. तुम्ही मागे बसा. वर्ख द्या.”

भास्कर निमूटपणे मागे सरकला आणि खाली बसून एकेक पाकळी पुढे करायला लागला. एका म्हातारीनं हळूच म्हटलं, “बस रे बाबा, जमिनीचा गारवा घे,” आणि पुन्हा सगळ्या तोंड दाबून गदगदल्या. खिनबाईंनी श्वास धरला. आम्हीही धरला. कागद उलटा टेकवला, वरून कापसानं दाबला, कागद अलगद ओढला. कागद हातात आला, सोनं गुडघ्यावर राहिलं. मी उभ्या जन्मात इतकी गप्प बसले नव्हते.

गुडघा झाला, पोट झालं, गाल झाला. जमिनीला टेकलेल्या हाताशी आल्यावर त्या थांबल्या. कुसुमकडे वळल्या.

“हा तू लाव. तू काढला.”

कुसुमनं हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले. खिनबाईंनी तिचं मनगट धरलं आणि दोघींनी मिळून बोटांवर वर्ख बसवला. एका बोटाच्या टोकाला सुरकुती पडली आहे, अजूनही दिसेल कुणी गेलं तर. खिनबाई ती सरळ करू शकल्या असत्या, त्यांनी केली नाही.

वैशाख पौर्णिमा

दुसऱ्या दिवशी मूर्ती बसली. दार उघडलं, गोणपाट काढलं आणि सकाळचं ऊन बुद्धाच्या पुढच्या अंगावर पडलं तेव्हा कामावरून सुट्टी घेऊन आलेले बाप्येही बघायला पुढे सरसावले. बायकांनी रांग लावली. ज्या त्या बाईनं जमिनीला टेकलेल्या त्या हाताला बोट लावलं. कुसुमनं खिनबाईंना आधीच विचारून घेतलं होतं, हळदकुंकू नाही, स्वच्छ पाणी आणि मूठभर फुलं. घिवलीचा रघू तांडेल बायकोला घेऊन आला. मूर्तीला फेरी मारून मागच्या बाजूला गेला आणि तिथूनच ओरडला, “अगो, हितं तर सोनं नाय! पाठ काळीच!”

खरंच होतं. भास्करनं वाया घालवल्यामुळे वर्ख पुरला नव्हता. पाठीवर नुसती घिवलीची राळ होती.

कुसुम चहाच्या चुलीशी खिनबाईंना भांडी देत होती. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. “पाठ तशीच राहिली,” ती म्हणाली, आणि मग घाबरत घाबरत, “आज गाडी होती ना तुमची?”

खिनबाई चुलीत लाकूड सारत होत्या. “आमच्याकडे कोणता बुद्ध पुरा होत नाही. दर वर्षी थोडा लावायचा.” त्यांनी फुंकणीनं फुंकर मारली, धुरानं डोळे बारीक केले. “पाठ पुढच्या वैशाखात. चल, पाणी आणायला जाऊ.”